बाळंतिणीच्या खोलीतल्या गार नळ्या

आई,

मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तू गेलीस तेव्हा एक दुरुस्त केलेली सायकल सोडली तर दाखवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. उसाच्या चरकाचे झिजलेले लाट, ऊस पिळणारे ते लोखंडी गोळे, मी पुन्हा गोल केले. गावातल्या पहिल्या बैलगाडीला मोटारीचा आस आणि रबरी चाकं मी बसवली. शाळेची घंटा माझी, रुळाच्या तुकड्याची; टोल द्यायचा दांडाही मीच घडवला, कारण दुसऱ्या कशानं मारलं तर ती फुटक्या डब्यासारखी वाजते. विहिरीवरच्या इंजिनाला मापाची रिंग मिळेना तेव्हा मोठी आणून कानशीनं उतरवली, आणि ते इंजिन अजून चालतंय, म्हणजे विहिरीत पाणी होतं तोवर चालत होतं. भंगारातून निरनिराळ्या मशिनींचे भाग गोळा करून एक लेथ उभं केलं, त्याच्यावर माझं दुकान चालतं. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. जे उघडता आलं ते उघडलं, बघितलं, परत लावलं. लावून झाल्यावर एखादा नट उरला तर घास उतरायचा नाही, पुन्हा सगळं सोडायचो. आणि या पौषात केली ती ही नळ्यांची शिडी. तिच्यासाठीच लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून लिहितोय.

पडवीत बसलोय. शेजारी बंब आहे, अंघोळीच्या पाण्याचा आपला तांब्याचा बंब, फक्त त्याच्या अंगातून आता वरच्या बाजूला एक नळी निघते आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून आत बाळंतिणीच्या खोलीत जाते. दुसरी नळी आतून येते आणि खाली, तोटीच्या जागी, बंबाला मिळते. एका नळीनं ऊन पाणी आत जातं, दुसरीनं गार होऊन बाहेर येतं, परत तापतं. तेच पाणी फिरत राहतं, म्हणून यंदाच्या सालातसुद्धा मला हे परवडलं. परवडत नाही ते सरपण. शेतात काही पिकलंच नाही तर तुराट्या कुठल्या नि पऱ्हाट्या कुठल्या. दुकानामागची बाभळीची खोडं फोडून जाळतोय. थांब, एक ढलपा आत टाकून येतो.

आलो. तर थोरली. तू गेल्यावर दोन वर्षांनी झाली, तुझी नात, तू पाहिली नाहीस. तिला पाथर्डीकडं दिली आहे. तिकडं प्यायला पाणी नाही, घरची सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं तर तिला तिथं अर्धपोटी कशाला ठेवायची, म्हणून त्यांनी सातव्यातच पाठवून दिली. एस. टी.तून उतरली ती पोट धरूनच, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. तीन पौंडसुद्धा भरली नाही. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, अशा पोरांना काचेच्या उबदार पेटीत ठेवतात, पण ती पेटी नगरला, आणि या थंडीत जीपमधून नेलं तर पोर वाटेतच जाईल. इथंच ठेवा. खोली उबदार राहू द्या, सगळीकडून सारखी. एका अंगानं भाजून दुसऱ्या अंगानं गारठायला नको. आणि निखाऱ्यांची शेगडी आत अजिबात नको, एवढ्याशा छातीला तो धूर सोसायचा नाही. एवढं बोलून त्या गेल्या. सगळीकडून सारखी! सांगायला दोन शब्द.

शेगडी नको म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा-शेपाची चिमूट, दार लावलेलं, खोलीत समोरचं माणूस दिसत नाही असा धूर, यालाच आपण बाळंतीण सांभाळणं म्हणतो. ही, तुझी सून, तर रडायलाच लागली. "आवं, शेगडीबिगर बाळंतीन कुनी पाह्यलीय का? लोक शेन घालतील तोंडात." मी म्हटलं, ट्रॅक्टरच्या तोंडाशी रेडिएटर असतो, तो इंजिनाचं पाणी गार करतो. पाण्यातली ऊब जाते कुठं? हवेत. म्हणजे तो हवा तापवतोच की. मग इंजिनाच्या जागी बंब ठेवला तर काय बिघडलं? ती म्हणाली, "तुमी आन तुमचं इंजिन." पण अडवलं नाही. दुकान बंद ठेवून मी ते केलं. सहा उभ्या नळ्या, वर एक आडवी, खाली एक आडवी, गॅसनं जोडलेल्या, पाण्यात बुडवून फुंकून पाहिलेल्या, एक बुडबुडा नाही. चार पाय, चारही बरोबर नऊ इंच, गुण्या लावून तपासलेले. तसं काम शहरात मिळणार नाही.

बाराव्यापर्यंत पुरुषानं आत जायचं नाही. मला आत जायचंही नव्हतं, लेकीला अवघडल्यासारखं होतं. म्हणून मी सगळं असं बांधलं की बाहेरून चालावं. हवा काढायची बारकी तोटीसुद्धा मुद्दाम भिंतीच्या अलीकडं, माझ्या हाताशी ठेवली. शिडी उंबऱ्यापर्यंत मी आणली, तिथून हिनं आणि शेजारणीनं ओढत नेऊन भिंतीलगत ठेवली. बंब आणि शिडी मी इंजिनाच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडली, पाणी भरलं, जाळ केला, आणि भोकाला कान लावून बसलो.

"तापली का गं?"

"तापली."

"सगळी?"

"हां, बरी हाय."

बरी म्हणजे काय? असल्या शब्दावर मी इंजिन चालू करत नाही. म्हटलं, एकेका नळीला हात लाव आणि सांग. तर पहिली ऊन, दुसरी ऊन, तिसरी "हाय की", चौथी "तशीच", आणि मग लेकीचा बारीक आवाज आला, "दादा, पाचवी-सहावी गारढोन हाय. आई उगं बोलती." तुझ्या सुनेचा दोष नाही. तव्यावरची भाकरी ती उघड्या हातानं उलटते, तिच्या तळहाताला निखारासुद्धा कोमट लागायचा. पण मला माप तर पाहिजे. मग म्हटलं, तुपाचा डबा घे. थंडीनं तूप दगडासारखं झालंय. सहाही नळ्यांच्या डोक्यावर हरभऱ्याएवढं तूप ठेव आणि कुठलं आधी वितळतं ते सांग. पहिल्या दोन नळ्यांचं ठेवता ठेवता वितळलं. तिसरीचं जरा वेळानं. चौथीचं नुसतं मऊ झालं. पाचवी-सहावीवर तूप बसलं ते बसलंच. "तूप वाया घालवायलेत," असं ही शेजारणीला सांगत होती, ते मला ऐकू आलं.

आणि पोरीची झोळी नेमकी शिडीच्या मधोमध. सरकवायला जागा नाही, खोली ती केवढी. पोरीचा एक गाल लाल होऊन जायचा आणि पाय बर्फासारखे. फिरवून निजवली की दुसरा गाल लाल. तिला रडायची ताकद नव्हती, नुसती ओठ हलवायची, असं ही सांगायची आणि सांगताना माझ्याकडं न बघता बंबाकडं बघायची. मी काय केलं? जाळ वाढवला. दोन दिवस नुसता जाळ वाढवत होतो, आई. पहिली नळी अशी तापली की हिचा पदर करपला, आणि सहावी होती तशीच.

तेव्हा तू आठवलीस. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. सकाळची वेळ, चुलीवर दूध, आणि वैलावर डाळ. चुलीच्या अंगाला जोडलेला तो वैल, त्याला स्वतःचं सरपण नसतं, चुलीचाच जाळ आतल्या भोकातून त्याच्याकडं जातो. गल्लीतल्या सगळ्यांच्या चुली तू घालून द्यायचीस, ते भोक किती तिरकं ठेवायचं ते तुझ्याच हाताला कळायचं, पण आपल्याच घरचा वैल त्या दिवशी तापेना. मी शहाणपणा करून चुलीत आणखी दोन लाकडं सारली. दूध उतू जातंय, वैल ढिम्म. तू फुंकणी उचलतेस आणि माझ्या मनगटावर एक ठेवून देतेस. "जाळ कशाला वाढवितो रं मुडद्या? त्याला जायाला वाट न्हाई, आन तू मागून ढकलितो!" आणि मग कोपरापर्यंत हात आत घालून राखेचा गोळा बाहेर काढतेस, हात काळा, बांगड्या काळ्या, आणि तोच हात कपाळाला पुसतेस. फटक्याचा मला किती तरी दिवस राग होता. वर लिहिलंय की मला कुणी शिकवलं नाही. ते तसंच राहू दे. फटका म्हणजे शिकवणं नव्हे.

पण मनगट चोळत उठलो खरा. जाळ विझवला, पाणी घंगाळात काढलं, थेंब सांडू दिला नाही, शिडी पुन्हा उंबऱ्यापर्यंत आणवली आणि प्रत्येक नळीतून तार घातली. आरपार गेली. राख नाही, गंज नाही, जोडताना वितळलेल्या लोखंडाचा थेंब आत उतरलेला नाही. तुझ्या चुलीत काहीतरी अडकलेलं असायचं; माझ्या नळीत काहीच नव्हतं. ते कळल्यावर मात्र मी हादरलो. दोष सापडला तर माणूस दुरुस्त करील. सगळं बरोबर असून चालत नाही, त्याला काय करायचं? तेवढा वेळ खोली गार पडली होती. ही लेकीच्या छातीशी पोर धरून दोघींवर गोधडी घालून बसली होती आणि मी इकडं नळ्या मोजत होतो, जणू मोजल्यानं सात होतील. शेवटी होती तशीच परत आत ठेववली, पाणी भरलं, जाळ केला.

पाचवीच्या पूजेला विहीणबाई आल्या. पाथर्डीहून सकाळच्या गाडीनं, हातात पिशवी, तळहातांना खडी फोडून पडलेले घट्टे. आत गेल्या, आणि शेगडी दिसेना म्हटल्यावर बाहेर येऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "काय वो व्याही, माझ्या नातीला टॅक्टरात घातली म्हनं तुमी?"

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी शेगडी नको सांगितलंय."

"डॉक्टरीन तिच्या लेकरावर टॅक्टर लावती का?"

"ट्रॅक्टर नाही ते. रेडिएटर आहे."

"असंल. तुमच्या टॅक्टरचं मागचं चाक गार हाय, तेवढं बघा." आणि पुन्हा आत.

त्या बोलण्यात पुढचंही सगळं होतं, ते मला कळत होतं. माहेरी आलेली पहिलटकरीण, सातवा लागलेला, आणि पोर आमच्या घरात, माझ्या यंत्रासमोर. काही झालं असतं तर थोरलीला सासरी जन्मभर मान खाली घालून राहावं लागलं असतं, तुझ्या बापानं लेकरू तापवून मारलं म्हणून. हे कुणी बोललं नसतं. पण स्वयंपाकघरात भांडं आपटलं तरी तिला ते ऐकू आलं असतं.

भोकातून मला आतलं ऐकू येत होतं. विहीणबाई लेकीला म्हणत होत्या, हे लोखंड एवढं मोठं कशाला, काय भरलंय ह्यात. आणि त्यांनी हातातल्या पाटलीनं नळ्या वाजवल्या. पहिली: ठप्प. दुसरी: ठप्प. मी ऐकतोय. पाचवी: ठण्ण्. सहावी: ठण्ण्.

"गं बया," त्या म्हणाल्या, "ही तर रिकामी हाय."

मी भोकाला तोंड लावलं. "विहीणबाई, रिकामी कशी? मी भरलीय."

"तुमी भरली असंल. रिकामी घागर आमाला लांबून कळती, व्याही. सालभर तेच ऐकायलाव. भरलेली अशी वाजत न्हाई. खाली वाजवलं की भरलेली हाय, वर रिकामी."

वर रिकामी! म्हणजे हवा. पण हवा काढायची तोटी तर मी ठेवली होती, आणि शिडी सपाट होती, चारही पाय नऊ इंच. तेवढ्यात मला सुचलं आणि मी विचारलं, "आत पाणी सांडलं तर कुणीकडं जातं?"

ही म्हणाली, "मोरीकडं, आनखी कुनीकडं जानार?"

मोरी माझ्या बाजूच्या कोपऱ्यात. म्हणजे जमीन माझ्याकडं उतरती, आणि शिडीचं पलीकडचं टोक उंच. ती जमीन तूच सारवायचीस, तो उतार तूच ठेवलेला, मी त्यावर रांगलो असेन. आणि मी सारख्या मापाचे पाय करून तिच्यावर ठेवायला दिले, आणि उतार दाखवणारी पाणसळ दुकानात खुंटीला टांगलेली. सगळी हवा चढून त्या टोकाला बसली होती, आणि बाहेर पडायचं भोक होतं माझ्या टोकाला, माझ्या हाताशी, मी आत जायचं नाही म्हणून.

मी एक वीट आणि एक अर्धी वीट उंबऱ्यावरून आत सरकवली. म्हटलं, मोरीकडचे दोन पाय उचला आणि खाली हे घाला. पाण्यानं भरलेलं लोखंड, वजन सोपं नाही. आतून आवाज यायला लागले. "धरलं का?" "धरलंय, तुमी सोडू नका." "आवं विहीनबाई, माजा पाय!" "पाय कामून घातला तिथं?" थोरली हसल्याचा आवाज आला, घरी आल्यापासून पहिल्यांदा, आणि पाठोपाठ "आई गं, टाकं वडतात" असंही. वीट गेली. मी बाहेर तोटी ढिली केली. आधी काहीच नाही. मग सापानं सोडावा तसा फुसकारा, कितीतरी वेळ, मधे थुंकल्यासारखं पाणी, पुन्हा फुसकारा, आणि मग अखंड धार, बोट भाजेल अशी. तोटी बंद केली. बंबात पाण्याची पातळी केवढी खाली गेली होती! ती भरून काढायला विहीणबाईंनी स्वतः, न विचारता, रांजणातली घागर आणून दिली. तेवढं पाणी आमच्या घरात दोन दिवस पुरवायचं होतं.

तुपाचा पुन्हा प्रयोग केला. पाच नळ्यांवर वितळलं. सहावीवर वितळलं, पण उशिरा. मी म्हटलं, अजून सारखं नाही. जाणारी नळी थोडी आवळून बघतो, खालच्या बाजूनं पाणी मागं खेचतंय का ते बघतो. विहीणबाई दारात आल्या. म्हणाल्या, "आता या आत आन सोता बघा. उगं भितीला कान लावून कवर बसायचं? माझ्या देखत या. काय इटाळ व्हायचा तो मला होऊ द्या." ही बाजूला झाली.

तुला एक सांगायचं म्हणून एवढं सगळं लिहिलं. मी आत गेलो, लेक बाजेवर, झोळीत ती पोर, जन्मल्यापासून मी तिला पाहिलेली नव्हती. आणि मी आधी सहाव्या नळीवर हात ठेवला. तळहात नाही, हाताची मागची बाजू, तू दूध बघायचीस तशी. मग बाकीच्या पाच. मग झोळीकडं वळलो. थोरलीनं ते पाहिलं. तिला राग आला की नाही, मला कळलं नाही. पोर केवढी म्हणशील तर माझ्या दुकानातल्या मोठ्या पान्याएवढी, त्याहून हलकी. दोन्ही गाल एका रंगाचे होते. पाय धरून पाहिले. गार नव्हते.

ही त्या दिवसाची गोष्ट. बारावा दिवस झाला, नाव ठेवायचं मात्र आम्ही पुढं ढकललं आहे. ती दूध ओढते, कापसाच्या बोळ्यानं, कधी ओढते, कधी ओठावरच राहतं. परवा वजन केलं तर जरा वाढ दिसली. विहीणबाई म्हणतात लेकराला तराजूत घालू नये, दृष्ट लागते, आणि तराजू माझाच असल्यामुळं त्या माझ्याकडं बघून म्हणतात. त्या परत गेलेल्या नाहीत. खडीवरचा रोज बुडवून राहिल्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात, थंडी सरेपर्यंत काही बोलता येत नाही. थंडी सरत नाही. मला दुकानात बसवत नाही, इथंही बसवत नाही. एक कागद लिहीपर्यंत दहा वेळा उठलो. सहावी नळी अजून पहिलीइतकी होत नाही. नळी आवळून पाहिली, सैल करून पाहिली, अर्धी वीट काढून पाहिली. थोडं राहतंच. ही म्हणते, राहू द्या आता, तेवढ्यानं काय होतंय. तेवढ्यानं काय होतं हे मला माहीत नाही, म्हणूनच राहू देववत नाही.

काल राहात्याकडचे एक बागाईतदार जीप घेऊन आले. त्यांनी कोंबड्यांचा शेड टाकलाय, विकत आणलेली पिल्लं थंडीनं एका कोपऱ्यात गोळा होतात आणि खालची गुदमरून मरतात. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. पडवीत उभं राहून बंब पाहिला, भिंतीला हात लावून पाहिला, आत यायचं नाही एवढं त्यांना समजत होतं. म्हणाले, "मिस्त्री, आहे तसं उचलून द्या. बंबासकट. तुम्ही आणखी एक कराल, तुमच्या हातात आहे." माझ्या कामासाठी इतक्या लांबून जीप घेऊन कुणी आलेलं नाही आजवर. मी त्यांना म्हटलं, शेवटची नळी अजून बरोबर तापत नाही, आणि तापत नाही ते काम मी देत नाही. ते हसले. म्हणाले, कोंबड्यांना तेवढं चालतंय. मी म्हटलं, मला चालत नाही. त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय, आणि त्यांनी आकडा वाढवला.

नळीचं कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. बंब एक तास जरी विझवावा लागला असता तरी मला ते जमलं नसतं. घरात कुणाला हे सांगितलेलं नाही, आणि हा कागद तर कुणाला दाखवायचाच नाही. पंधराशे रुपये म्हणाले होते ते, रोख. मी नको म्हटलं.